प्रत्ययांची साक्ष : हंगेरियन भाषेचे कूळ कसे ठरले

आजचा विषय आहे हंगेरियन व्याकरणातले प्रत्यय आणि स्वरसंवाद. विषय ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल, ते आम्ही समजू शकतो. व्याकरण म्हटले की शाळेतली विभक्तीची कोष्टके आठवतात. पण या दोन कोरड्या वाटणाऱ्या गोष्टींवरून एका देशात शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाला. वरवर पाहता वाद व्याकरणाचा होता, पण त्याच्या पोटातला प्रश्न वेगळाच होता. आपण कोण? आपली माणसे कोणती? आणि हे ठरवायचे कुणी, अभिमानाने की पुराव्याने?

आधी यंत्र कसे चालते ते पाहू, मग इतिहासाकडे वळू.

हंगेरियनमध्ये घराला 'हाझ' म्हणतात आणि बागेला 'केर्त'. 'घरात' म्हणायचे असेल तर 'हाझबॉन', आणि 'बागेत' म्हणायचे असेल तर 'केर्तबेन'. अर्थ तोच, 'आत'. पण एका ठिकाणी 'बॉन' आणि दुसऱ्या ठिकाणी 'बेन'. असे का? 'आ', 'ओ', 'ऊ' म्हणताना आपली जीभ मागे ओढली जाते. 'ए', 'ई' म्हणताना ती पुढे येते. हंगेरियन भाषेचा नियम असा की शब्दातला स्वर ज्या बाजूचा, त्याच बाजूचा स्वर प्रत्ययाने घ्यायचा. यालाच स्वरसंवाद म्हणतात. एकामागून एक कितीही प्रत्यय लावा, सगळे त्याच रांगेत उभे राहतात. 'माझ्या घरांत' हे 'हाझॉइमबॉन' होते आणि 'माझ्या बागांत' हे 'केर्तयेइमबेन'. काही प्रत्ययांची तर तीन रूपे आहेत. 'कडे, पाशी' या अर्थाचा प्रत्यय घरापुढे 'होझ' होतो, बागेपुढे 'हेझ', आणि 'फ्योल्द' म्हणजे जमीन, त्यापुढे 'ह्योझ'. हा तिसरा स्वर देवनागरीत नीट लिहिता येत नाही. ओठ गोल करून 'ए' म्हणून बघा, साधारण तो आवाज.

आता आपल्या मराठीकडे बघा. घर, घरात. बाग, बागेत. पाणी, पाण्यात. आपल्याकडे 'त' आहे तसाच राहतो आणि मूळ शब्द मुरड घालतो. त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. म्हणजे पाहुणा आला की आपल्याकडे यजमान कपडे बदलतो, आणि हंगेरियनमध्ये पाहुणा यजमानाच्या घरची रीत पाहून कपडे बदलून येतो. एवढा फरक लक्षात ठेवला तर पुढचे सगळे सोपे आहे.

आता इतिहास. १७६९ सालच्या जून महिन्यात शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून जाणार होता. त्या अधिक्रमणाची निरीक्षणे ठिकठिकाणांहून घेतली तर पृथ्वीपासून सूर्याचे अंतर काढता येणार होते, म्हणून युरोपातले खगोलशास्त्रज्ञ जगभर पांगले. व्हिएन्नाचे राजज्योतिर्विद मॅक्सिमिलियन हेल यांना डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, व्हार्डो या बेटावर बोलावले. हेल हे जेझुइट. त्यांनी सोबतीला आणखी एक जेझुइट घेतला, यानोश शॉय्नोविच. शॉय्नोविच यांची मातृभाषा हंगेरियन. त्या भागात सामी लोक राहतात; तेव्हा त्यांना लॅप म्हणत. बर्फात रेनडियर पाळणारे, मासेमारी करणारे लोक. शॉय्नोविच यांनी दिवसा आकाशाकडे पाहिले आणि उरलेल्या वेळात त्या लोकांच्या बोलीकडे कान दिला. १७७० साली कोपनहेगनमध्ये त्यांचे लॅटिन पुस्तक छापले गेले. हंगेरियन आणि लॅप लोकांची भाषा एकच आहे, असा त्याच्या शीर्षकातच दावा होता.

'एकच' म्हणणे जरा जास्त झाले, हे खरे. पण दिशा बरोबर होती. आणि सालाकडे लक्ष द्या, १७७०. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, हे विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातले प्रसिद्ध भाषण १७८६ चे. म्हणजे भाषांच्या कुळाचा शास्त्रीय विचार एका खगोलशास्त्रज्ञाने, बर्फात बसून, त्याच्या सोळा वर्षे आधी सुरू केला होता.

हंगेरीत या पुस्तकाचे स्वागत कसे झाले असेल? तिथल्या सरदारघराण्यांची स्वतःबद्दलची समजूत अशी की आपण अटिला हूणाचे वारस, घोड्यावर बसून युरोप हादरवणाऱ्या वीरांचे वंशज. आणि आता कुणीतरी सांगते की तुमचे नातेवाईक उत्तरेच्या बर्फातले कोळी! मासळीच्या चरबीचा वास येणारे सोयरे, अशा अर्थाचा एक टोमणाच त्या भाषेत रूढ झाला. 'हॉल्झीरोश', मासळीच्या चरबीने माखलेला, या शब्दाने तो टोमणा सुरू होतो. हा शब्द ध्यानात ठेवा. आपल्याला पुढे तो साक्षीदार म्हणून बोलवायचा आहे.

त्या लोकांना हसण्याआधी त्यांची भीतीही समजून घ्यायला हवी. हंगेरीच्या राज्यकारभाराची भाषा लॅटिन होती. १७८४ साली सम्राट दुसरा जोसेफ याने तिच्या जागी जर्मन आणली. त्यावर मोठा असंतोष माजला. १७९१ साली हेर्डर या जर्मन विचारवंताने लिहिले की स्लाव, जर्मन आणि इतर लोकांनी वेढलेल्या या लोकांची भाषा काही शतकांनी शोधूनही सापडणार नाही. हे वाक्य हंगेरियन मनाला फार लागले. मग भाषेसाठी माणसे उभी राहिली. १८२५ साली इश्तवान सेचेन्यी यांनी आपल्या जहागिरीचे एक वर्षाचे उत्पन्न विद्वत्सभेसाठी देऊ केले आणि त्यातून तिथली विज्ञान अकादमी जन्मली. १८४४ साली हंगेरियन ही राज्याची अधिकृत भाषा झाली. ज्या भाषेच्या मरणाचे भाकीत झाले आहे, तिच्या लोकांना भक्कम, मानाचे कूळ हवेसे वाटणे अगदी मानवी आहे. पण हवेसे वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. आपल्या कथेचा पेच नेमका इथे आहे.

याच काळात दोन माणसे दोन दिशांना गेली. एक शामुएल द्यॉर्मॉती, व्यवसायाने वैद्य. त्यांनी जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे १७९९ साली एक ग्रंथ छापला. नुसते शब्द शब्दांशी जुळवायचे नाहीत, कारण शब्द उसने घेता येतात. व्याकरण व्याकरणाशी जुळवायचे, हे त्यांचे सूत्र. शब्दांना प्रत्यय कसे लागतात, क्रियापद कसे चालते, सर्वनामे प्रत्यय होऊन शब्दाला कशी चिकटतात, हे सगळे त्यांनी फिनिश, सामी आणि एस्टोनियन भाषांशी ताडून पाहिले.

दुसरा माणूस आपल्याला जवळचा. शांदोर चोमा, आपल्याकडच्या पुस्तकांत 'अलेक्झांडर चोमा द कोरोस' म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते. हेही ग्योटिंगेनला शिकले. पण हंगेरियनांचे मूळ आशियात सापडेल या ध्यासाने १८१९ साली ते घराबाहेर पडले. बरेचसे पायी चालत, इराण, अफगाणिस्तान ओलांडून लडाखला पोचले. तिथल्या मठांत थंडीने गारठत तिबेटी शिकले. १८३४ साली कलकत्त्यात त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण छापले गेले. युरोपातला तिबेटी विद्येचा अभ्यास तिथून उभा राहिला. १८४२ साली ल्हासाकडे जाताना दार्जिलिंगला तापाने त्यांचा अंत झाला. हंगेरियनांचे मूळ काही त्यांना सापडले नाही. ज्याच्या शोधात हा माणूस हिमालयापर्यंत चालत आला, त्याचा पुरावा त्याच्या रोजच्या बोलण्यातल्या प्रत्ययांत आणि साध्या शब्दांत पडलेला होता. पण शोधात चुकीच्या वाटेने गेलेल्या या माणसाने जगाला केवढे देऊन ठेवले, तेही विसरू नये.

वादाचा कळस झाला तो १८७० च्या सुमारास. आर्मिन वाम्बेरी हे दरवेशाच्या वेषात मध्य आशिया फिरून आलेले प्रवासी. तुर्की भाषांचे जाणकार. त्यांनी हंगेरियन आणि तुर्की-तातार शब्दांतली साम्ये प्रसिद्ध केली. त्यांना उत्तर दिले योझेफ बुडेन्झ यांनी, हे जन्माने जर्मन. या वादाला हंगेरीत 'उग्रिक-तुर्की युद्ध' असेच नाव पडले, आणि ते पुढे बरीच वर्षे चालले. लोकांची मने वाम्बेरींकडे झुकलेली होती. का नसावीत? तुर्क हे साम्राज्य उभारणारे लोक!

आणि वरून पाहिले तर तुर्की पक्ष जोरदार दिसतो. तुर्कीत 'माझ्या घरांत' हे 'एव्लेरिम्दे'. 'एव' म्हणजे घर, मग अनेकवचन, मग 'माझे', मग 'आत'. हंगेरियनसारखीच प्रत्ययांची माळ. आणि तुर्कीतही स्वरसंवाद आहे! 'घरात' हे 'एव्दे', पण 'खोलीत' हे 'ओदादा'. 'हाझबॉन, केर्तबेन' आठवून बघा. सामान्य माणसाला वाटणारच की ही सख्खी भावंडे आहेत.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेली माणसे, त्यामुळे इथे आम्हाला न्यायशास्त्राची आठवण होते. 'पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे', हे अनुमान टिकते, कारण जिथे अग्नी नाही तिथे धूर सापडत नाही. हेतू जर साध्य नसलेल्या ठिकाणीही सापडला, तर तो सव्यभिचार, म्हणजे निकामी. आता 'नाते आहे, कारण स्वरसंवाद आहे' हे अनुमान तपासू. पश्चिम आफ्रिकेत नायजेरियात इग्बो भाषा आहे. तिच्यातही स्वरसंवाद आहे. इतक्या लांब कशाला, आपल्या शेजारच्या तेलुगूत बघा. मांजर म्हणजे 'पिल्लि' आणि अनेक मांजरे 'पिल्लुलु'; पुढच्या 'उ'साठी आतला 'इ' बदलला. इग्बो लोकांना कुणी हंगेरियनांचे भाऊबंद म्हणणार आहे का? तेव्हा हेतू व्यभिचारी ठरला. आता उलटी बाजू. एस्टोनियन ही फिनिशची अगदी जवळची बहीण, पण प्रमाण एस्टोनियनमध्ये स्वरसंवाद उरलेला नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो, तसेच हे. म्हणजे स्वरसंवाद असण्याने नाते सिद्ध होत नाही आणि नसण्याने तुटतही नाही.

याहून मौजेची गोष्ट जुन्या कागदांत आहे. बालाटोन सरोवराच्या काठी तिहान्य नावाचा मठ आहे. १०५५ साली राजा पहिला आंद्राश याने तो स्थापला, त्याचे दानपत्र आजही टिकून आहे. दानपत्र लॅटिनमध्ये, पण जमिनीच्या सीमा सांगताना मधूनच हंगेरियन शब्द येतात, आपल्याकडच्या संस्कृत ताम्रपटांत चतुःसीमा सांगताना देशी शब्द यावेत तसे. त्यात 'रस्त्यावर' या अर्थी 'उतु रेआ' असे आले आहे. आजची हंगेरियन म्हणेल 'ऊतरॉ'. आज हा प्रत्यय 'रॉ' किंवा 'रे' असा दोन रूपांत येतो. पण १०५५ साली तो 'रेआ' होता, वेगळा लिहिलेला, स्वतःच्या पायावर उभा असलेला शब्द, आणि शेजारच्या स्वराची त्याला काही पर्वा नव्हती.

दुसरा कागद साधारण ११९५ चा. एका लॅटिन हस्तलिखितात, मयताच्या वेळी करायचे एक छोटे हंगेरियन प्रवचन लिहिलेले सापडले. हंगेरियनमधला हा सर्वांत जुना सलग मजकूर. तो आज बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. योगायोग बघा, तो पूर्णपणे पहिल्यांदा छापला गेला तो शॉय्नोविच यांच्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत. मिक्लोश रेवॉई या व्याकरणकाराने पुढे १८०३ साली त्याची बारकाईने चिकित्सा केली. या प्रवचनात 'जगात' अशा अर्थी 'विलागबेले' असा शब्द आहे. आज तो 'विलागबॉ' झाला आहे. 'बेले' हे 'बेल' या शब्दावरून आले. 'बेल' म्हणजे आतडे, पोटातला भाग. म्हणजे 'जगाच्या पोटी' असे म्हणता म्हणता 'पोट' झिजले आणि 'त' उरला! तसेच 'मरणाला' अशा अर्थी त्यात 'हालालनेक' आहे. आजच्या नियमाने 'हालालनॉक' व्हायला हवे. 'नेक' अजून वाकलेला नाही.

आपल्याकडेही असे घडले आहे. जुन्या छापील पुस्तकांत 'घरांत' असे अनुस्वारासह लिहीत. हा 'त' आपल्या 'आंत', म्हणजे आताच्या 'आत' या शब्दातून आला, असे व्याकरणकार सांगतात. स्वतंत्र शब्द दुसऱ्याच्या आधाराला राहतो, हळूहळू झिजतो, आणि शेवटी प्रत्यय होतो.

याचा अर्थ काय निघाला? शब्दाच्या आतला स्वरसंवाद हंगेरियनमध्ये जुनाच आहे. पण 'बॉन-बेन', 'रॉ-रे', 'नॉक-नेक' या ज्या जोड्या दाखवून लोक तुर्कीशी नाते सांगत होते, त्यांतली एकेक बाजू डोळ्यांदेखत, लिखित इतिहासाच्या काळात तयार झालेली आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या कागदात जी जोडी अजून जमलेली नाही, ती हजारो वर्षांपूर्वीच्या नात्याची साक्ष कशी देणार?

मग नाते ठरले कशावरून? दिसण्यावरून नव्हे, नियमावरून. फिनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'प' असेल तिथे हंगेरियनमध्ये 'फ' सापडतो. डोके 'पॅ', तर हंगेरियन 'फेय'. झाड 'पू', तर 'फॉ'. घरटे 'पेसॅ', तर 'फेसेक'. फिनिशमधल्या 'क'पुढे जीभ मागे ओढणारा स्वर असेल तर हंगेरियनमध्ये 'ह': तीन म्हणजे 'कोल्मे' आणि 'हारोम'. पण पुढे येणारा स्वर असेल तर 'क' तसाच: हात म्हणजे 'कॅसी' आणि 'केझ', दगड म्हणजे 'किवी' आणि 'क्यो'. हे शब्द कानाला फारसे सारखे लागत नाहीत, आणि तेच महत्त्वाचे आहे. उसना शब्द सारखा दिसतो; वारशाने आलेला शब्द बदललेला असतो, पण नियमाने बदललेला असतो.

आता तो आपला साक्षीदार बोलावू. मासा म्हणजे फिनिशमध्ये 'काला' आणि हंगेरियनमध्ये 'हॉल'. 'क'चा 'ह', नियमाप्रमाणे. 'हॉल्झीरोश' या टोमण्यातला पहिला शब्द तोच! नाते नाकारण्यासाठी ज्या शब्दाने लोक नाक मुरडत होते, तो शब्दच त्या नात्याचा दाखला होता.

मग वाम्बेरी सर्वस्वी चुकले का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. सफरचंद 'ऑल्मॉ', तुर्कीत 'एल्मा'. जव 'आर्पॉ', तुर्कीत 'आर्पा'. गहू, वासरू हेही शब्द हंगेरियनने तुर्की वळणाच्या भाषांकडून घेतले. नवव्या शतकाच्या अखेरीस आजच्या देशात येण्याआधी हे लोक गवताळ प्रदेशात तुर्की भाषा बोलणाऱ्यांच्या सहवासात दीर्घकाळ राहिले. शेती आणि गुरे यांचे किती तरी शब्द त्यांनी तिथेच उचलले. म्हणजे नाती दोन आहेत. एक जन्माचे, एक सहवासाचे. दोन्ही खरी, घोटाळा होतो तो एकाला दुसऱ्याचे नाव दिले की. आणि हे जन्माचे नाते भाषेचे आहे, रक्ताचे नव्हे. माणसे भाषा बदलतात, मिसळतात. व्याकरणावरून कुणाचे रक्त तपासता येत नाही. २०१८ साली हंगेरी तुर्की भाषक राष्ट्रांच्या परिषदेत निरीक्षक म्हणून सामील झाली. राष्ट्रांनी मैत्री जरूर करावी. पण तिच्यासाठी 'क'चा 'ह' झाला हा नियम मागे घेता येणार नाही.

शेवटी एक छोटी गंमत सांगून थांबतो. पाणी म्हणजे 'वीझ' आणि बाण म्हणजे 'न्यील'. दोन्हींत तोच 'ई'. 'पाण्याकडे' म्हणायचे तर 'वीझहेझ', नियमाप्रमाणे. पण 'बाणाकडे' हे 'न्यीलहोझ' होते! प्रत्यय इथे चुकला असे वाटते. आता फिनिश बघा. पाणी 'वेसी', त्यात 'ए'. बाण मात्र 'नुओली', त्यात मागचा 'उ', 'ओ'. अभ्यासकांचे स्पष्टीकरण असे की बाणाच्या शब्दात पूर्वी जीभ मागे ओढून उच्चारायचा एक वेगळा स्वर होता. तो कालांतराने 'ई'त मिसळून गेला. शब्द आपला जुना उच्चार विसरला, पण त्याच्या मागून चालणारा प्रत्यय विसरला नाही.

ज्या स्वरसंवादाला आपण मघाशी साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरवले, तो इथे अपवादाच्या रूपाने परत आला आणि खरे बोलून गेला. मिरवायला आणलेले साम्य फसवते. कुणाच्या लक्षातही न येणारी अडचण खरे सांगते. आपण कोण, हा प्रश्न कुणालाही पडावा. पण उत्तर शोधताना जे आपल्याला आवडते आहे त्याची उलटतपासणी आधी करावी, आणि ज्याचा वास नकोसा वाटतो त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. हंगेरियन भाषेने हे दीडशे वर्षे वाद घालून शिकवले. आपण एका व्याख्यानात शिकलो, तर स्वस्तात पडले असे समजू या.